ओळखलंस, पण बोललीस कुठे?

पत्र, थोडक्यात: मी डिचोलीची, वय ३४. लहानपणापासून सगळे मला मनकवडी म्हणतात. यंदा गणेश चवथीला मूळ घरी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायचं फळापानांचं छत, बांधत होतो. धाकट्या जावेचे डोळे सुजलेले दिसले. मी म्हटलं, "भावजींशी वाजलंय ना? माझ्यापासून काय लपवतेस!" सासूबाई, नणंदा तिथेच होत्या. ती हसली, पण तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. माझं ओळखणं चुकीचं नव्हतंच. मग बोलले तर काय बिघडलं?

बाळ,
मला पासष्टी उलटली, म्हणून एकेरीत लिहिते. आधी हिशेब करू. तू पाहिलंस काय? सुजलेले डोळे. बस. भावजी तू तुझ्या पदरचे घातलेस. चवथीच्या आदल्या रात्री नेवऱ्या (करंज्या) तळत जागलेल्या बाईचे डोळे धुरानेही सुजतात, माहेरच्या आठवणीनेही सुजतात. ओळखणं चुकीचं नव्हतं म्हणतेस, पण हे तुला सांगितलं कुणी? तिने तर नाही.

२०१८ साली ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २५ प्रयोगांचे निष्कर्ष छापले. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा, असं सांगून लोकांचे अंदाज काही सुधारले नाहीत. कधीकधी स्वतःवरचा भरवसा मात्र वाढला. अंदाज सुधारले ते त्या माणसालाच सरळ विचारल्यावर. मला हे वाचून हसूच आलं. आमच्या आळीत असा भरवसा असलेल्या निदान चार बायका आहेत, त्यातली एक मी.

पण समज, तुझा अंदाज अगदी खरा निघाला. तरीही तू चुकलीस, आणि माझ्या लेखी ही चूक मोठी आहे.

म्हापशाच्या बाजारात माझी एक ठरलेली नुस्तेकान्न, म्हणजे मासेवाली, आहे. एका शुक्रवारी माझ्या पुढे एक बाई इसवणाचा (सुरमईचा) भाव विचारून उभी होती. पाकीट उघडलं, नोटा बोटांनी चाळल्या, बंद केलं, पुन्हा उघडलं. नुस्तेकान्न म्हणाली, "बाये, इसवण आज नाका, कालचें तें. बांगडे व्हर, ताजे आसात." बाई बांगडे घेऊन गेली, मान वर करून. मग मी इसवणाचा कल्ला उचलून पाहिला, तर आत लालभडक, म्हणजे ताजंच! मी काही बोलले नाही. तिने मुकाट्याने माझ्यासाठी दोन तुकड्या कापल्या. स्वतःच्या मालाला शिळा म्हणणारी दुसरी विक्रेती मी पाहिलेली नाही.

तिलाही दिसलंच होतं ना, तुझ्याइतकंच? तू ते चार जणींच्या देखत माटोळीला टांगलंस, तोरिंजनाच्या शेजारी. आणि "माझ्यापासून काय लपवतेस" यात जाऊ कुठे आहे गं? त्यात तूच आहेस.

आता फोन करू नकोस, तो ती उचलायची नाही. घरी जा, सासूबाई नसतील अशा वेळी. "त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, ते माझं चुकलं" एवढंच म्हण. डोळे का सुजले होते ते विचारू नकोस. चहा झाला की ऊठ. पुढे कधी तिने आपणहून सांगितलं आणि कारण भलतंच निघालं, तर ऐकून घे. तुझाच अंदाज खरा निघाला, तर "मला वाटलंच होतं" एवढं मात्र गिळून टाक.