पोपचा भाचा म्हणून पद मिळालेले चार्ल्स बोरोमेओ संत कसे ठरले?

वशिल्याचा आरोप खराच आहे. 1560 मध्ये मामा, पोप पायस चौथे, यांनी जेमतेम एकविशीतल्या या भाच्याला कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, केलं. तेव्हा तो धर्मगुरूही नव्हता! 1562 मध्ये थोरला भाऊ वारला. घराण्याचा वारस म्हणून लग्न करावं, असा आग्रह झाला, पण 1563 मध्ये गुरुदीक्षा घेऊन ते कॅथलिक धर्मगुरू झाले.

मिलानमध्ये सुमारे ऐंशी वर्षं तिथले आर्चबिशप (प्रांताचे मुख्य धर्माधिकारी) राहतच नव्हते. कारभार परस्पर चाले. बोरोमेओ 1565 मध्ये आर्चबिशप म्हणून तिथे गेले आणि चर्चच्या सुधारणेसाठी भरलेल्या ट्रेंट परिषदेचे निर्णय खरोखर अमलात आणू लागले: सेमिनरी (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळा) काढल्या, डोंगरातल्या गावांपर्यंत स्वतः फिरले, मठांना शिस्त लावली. ही शिस्त सगळ्यांना रुचली नाही. 1569 मध्ये ते सायंप्रार्थनेत असताना हुमिलिआती या संन्यासी संघातल्या एकाने त्यांच्या पाठीवर गोळी झाडली. ते वाचले.

खरी कसोटी 1576 च्या प्लेगमध्ये लागली. गव्हर्नर शहर सोडून गेला, बोरोमेओ मात्र थांबले. अनवाणी, गळ्यात दोर बांधून प्रायश्चित्ताच्या मिरवणुकीत चालले. घरात कोंडलेल्यांना खिडकीतून मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) दिसावी म्हणून चौकाचौकांत वेद्या उभारल्या. भुकेल्यांना जेवू घालताना कर्जही झालं.

माणूस मात्र कठोर होता. 1583 मध्ये आजच्या स्वित्झर्लंडमधल्या मेसोल्चिना खोऱ्यात त्यांच्या भेटीच्या वेळी चेटकिणी ठरवून बायकांना जाळलं गेलं, हे भक्तिपर चरित्रांत सहसा येत नाही.

1584 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी ते गेले. 1610 मध्ये संत घोषित झाले.