भूलतज्ज्ञाच्या गाडीतला लाल-निळा दिवा

प्रश्न : मी खासगी भूलतज्ज्ञ आहे. सांगलीतल्या चार-पाच रुग्णालयांतून अपरात्री बोलावणे येते, बहुतेकदा तातडीच्या सिझेरियनसाठी. वाट मिळावी म्हणून गाडीच्या काचेमागे लाल-निळा फ्लॅशर लावला होता. वाहतूक पोलिसांनी चलन केले. डॉक्टर अत्यावश्यक सेवेत मोडत नाहीत का? न्यायालयात जाऊ का?

उत्तर : डॉक्टर, जाऊ नका. चलन भरा आणि दिवा आजच उतरवा.

तुमची सेवा अत्यावश्यक आहे, यावर वाद नाही. पण दिव्याचा हक्क वाहनाला मिळतो, ते चालवणाऱ्याला मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 108 पाहा. गाडीच्या पुढच्या बाजूला लाल प्रकाश दिसता कामा नये, हे त्यातले मूळ सूत्र. अपवाद मोजके आहेत. 10 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अभयसिंह खटल्यात लाल दिव्यांच्या खिरापतीला लगाम घातला. पुढे 1 मे 2017 पासून मंत्री, न्यायाधीश, अगदी राष्ट्रपती-पंतप्रधानांच्या गाड्यांवरचेही दिवे उतरले. लाल-निळा-पांढरा दिवा उरला तो अग्निशमन, कायदा-सुव्यवस्थेसाठीचे पोलीस व सुरक्षा दले आणि आपत्ती व्यवस्थापन यांच्या नेमून दिलेल्या गाड्यांना, तोही कामगिरीवर असतानाच. रुग्णवाहिकेच्या दिव्याची तरतूद वेगळी आहे. डॉक्टरांची खासगी मोटार यांपैकी कशातच बसत नाही. दिवा टपावर नव्हता, काचेच्या आत होता, हा बचावही टिकणार नाही. प्रकाश बाहेर पडतो ना!

‘ऑनलाइन उघड विकतात’ असेही पुष्कळ जण सांगतात. विकत मिळाला म्हणून लावायची परवानगी मिळत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खाली पहिल्या वेळी 500 रुपये दंड, पुन्हा सापडलात तर 1,500. एवढ्यासाठी तारखा घेत बसणे तुमच्यासारख्या माणसाला परवडणार नाही. चलनावर गाडीचा क्रमांक चुकला असेल किंवा भलतेच कलम लावले असेल, तर मात्र जरूर हरकत घ्या. दिव्यासोबत सायरन बसवला असेल तर तोही काढा. बहुसुरी भोंग्याचा नियम 119 वेगळा आहे आणि त्याचा दंडही वेगळा.

खरा धोका मला दंडापेक्षा दुसरीकडे दिसतो. दिवा पाहून कोणी अडवले आणि घाईत तुमच्या तोंडून ‘सरकारी कामावर आहे’ असे निघाले, तर प्रकरण वाहतूक शाखेत राहणार नाही. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या नावाखाली काही केले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली किमान सहा महिने, कमाल तीन वर्षे कारावास आहे. 2024 मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवरचा दिवा केवढा गाजला, ते आठवत असेलच. तेव्हापासून लोक असे दिवे पाहताच फोटो काढतात.

रस्त्यावर वाट मिळण्याचा कायदेशीर हक्कही तुमच्या मोटारीला नाही. वाट न दिल्यास 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगणारे मोटार वाहन कायद्याचे कलम 194ई अग्निशमन, रुग्णवाहिका आणि राज्य सरकारने ठरवलेल्या आपत्कालीन वाहनांपुरते आहे. अपरात्री अडवलेच तर रुग्णालयाचा निरोप फोनवर दाखवा. बहुतेक हवालदार तेवढ्यावर सोडतात, पण ती त्यांची माणुसकी.

आणि काचेवर लाल क्रॉस चिकटवला असेल, तर तोही काढा. जिनिव्हा करार अधिनियम 1960 नुसार ते चिन्ह परवानगीशिवाय वापरता येत नाही, डॉक्टरांनासुद्धा.