शेड्यूलिंग: अनुसूचन, पाळी की चिठ्ठी?

विचारणा अशी आहे: लिनक्स कर्नलमधल्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या) एका सुधारणेचं वर्णन ‘नेटवर्क पॅकेट पाठवताना अनावश्यक अनुसूचन टाळणे’ असं केलं तर चालेल का?

व्याकरणाला चालेल, वाचणाऱ्याला कळणार नाही. ‘अनुसूची’ म्हटलं की संविधान आठवतं. आपली मराठीही आठव्या अनुसूचीत आहेच. ‘वेळापत्रक’ म्हणावं तर ते एसटीचं नाही तर शाळेचं, आणि इथे वेळ ठरवण्याचा प्रश्नच नाही.

मग होतं काय? पाठवायचं पॅकेट (माहितीचा तुकडा) आलं, रांग रिकामी आहे, नेटवर्क कार्डही मोकळं आहे, तर ते तिथल्या तिथे कार्डाच्या हवाली करता येतं. पण रांग उपसता उपसता एका दमाचा कोटा (एरवी 64 पॅकेटं) संपला, की कर्नल ती रांग त्या सीपीयूच्या यादीत अडकवतो, सॉफ्ट-आयआरक्यूचा, म्हणजे मागे ठेवलेलं काम नंतर उरकणाऱ्या यंत्रणेचा, बिट लावतो आणि पुढच्या कामाला लागतो. म्हणजे ‘जरा इकडे बघून जा’ अशी चिठ्ठीच ठेवली म्हणा ना. चिठ्ठी आधीच असेल तर दुसरी ठेवत नाहीत. त्यासाठी रांगेवर एक खुणेचा बिट असतो, तो आधी पाहिला जातो. गंमत बघा, ‘शेड्यूल’चं लॅटिन मूळ ‘स्केडुला’, म्हणजे कागदाचा चिटोरा!

प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं, शेड्यूलिंग निराळं. तिथे सीपीयू आता कोणाला द्यायचा हे ठरतं. त्याला मी ‘पाळी’ म्हणतो, रात्रपाळीतली. नाकं मुरडणारे मुरडोत.

मला जास्त खटकतं ते ‘टाळणे’. काम टाळणारा माणूस आपल्याला ठाऊक आहे. इथे कर्नल उलट काम लगेच उरकतो. वाचतो तो हेलपाटा. चिठ्ठी ठेवली की ती बघायला कोणीतरी यायचं, फार गर्दी असेल तर ते काम केसॉफ्टआयआरक्यूडी नावाच्या थ्रेडकडे (कर्नलच्याच एका कामकऱ्याकडे) जायचं, मग त्या थ्रेडची पाळी लागायची, आणि तोवर पॅकेट खोळंबलेलं.

म्हणून मी लिहीन: ‘रांग रिकामी असेल तर पॅकेट थेट कार्डाकडे, सॉफ्ट-आयआरक्यूचा हेलपाटा वाचवला.’ ही चिठ्ठी ठेवणाऱ्या फंक्शनच्या नावातलं ‘शेड्यूल’ मात्र तसंच राहू द्या, कोडमध्ये शोधताना तेच लागतं.