मान उलटी फिरलेली तलंग जगेल का?

प्रश्न : डॉक्टरबाई, परसात आमच्या १४ गावठी कोंबड्या होत्या. आठवडी बाजारातून दोन तलंगा आणल्या आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. सहाव्या दिवशी एक पिसं फुगवून बसली. मग हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून धाप. हळद, लसूण सगळं दिलं, तरी आठवड्यात ११ गेल्या. अंड्यांवर बसलेली खुडूकही गेली. मेलेल्या यांनी ओढ्यात टाकल्या. उरलेल्या पाचांतल्या एका तलंगेची मान उलटी फिरलीय. सासूबाई म्हणतात, कापून टाका. आठ वर्षांचा मुलगा तिच्याजवळून हलत नाही, आणि खुडकीची अंडी दुसरीखाली ठेव म्हणून रडतो. माझं काय चुकलं?
– एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून ही मानमोडी दिसते, म्हणजे राणीखेत. विषाणूचा रोग. एकदा लागला की त्याला औषध नाही, म्हणून हळद-लसूण कमी पडली असं मनाला लावून घेऊ नका. रोग अंगात शिरल्यावर दिसायला बहुतेक वेळा पाच-सहा दिवस जातात, म्हणजे तो बाजारातून आला असावा. चूक झाली ती त्या एका संध्याकाळी. नवी कोंबडी तीन आठवडे तरी वेगळ्या डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवावी लागते. बाजारात हे कुणी सांगत नाही.

पत्रावरून खात्री मात्र देता येत नाही. बर्ड फ्लूतही कोंबड्या अशाच पटापट मरतात. २००६ मध्ये आपल्याकडे नवापूरला तो आला, तेव्हा देशात पहिल्यांदाच सापडला होता. म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच कळवा. आणखी एखादी मेली तर घरी चिरू नका. नमुना तपासायला कुठे पाठवायचा ते दवाखाना बघेल.

ओढ्याचं वाचून मला आई आठवली. तिच्या कोंबड्या अशाच गेल्या, वडिलांनी ओढ्यात टाकल्या, आणि चार दिवसांत खालच्या आळीतली खुराडी रिकामी व्हायला लागली. पुढे वर्षभर आई पाण्याला जाताना ती आळी टाळून लांबच्या वाटेनं जायची. तुमच्या खालच्या अंगाच्या घरांना सांगून ठेवा. यापुढे खोल खड्डा, त्यात चुना, वर जड दगड, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

खुडकीची अंडीही त्याच खड्ड्यात जाऊ द्या. टरफलाला लागलेल्या विष्ठेतून विषाणू पिल्लांपर्यंत पोचू शकतो. मुलाला हे खरं कारण सांगा, त्याला कळेल.

आता तलंग. ती खात असेल तर कापू नका. मानमोडीतून वाचलेल्या कोंबडीची मान कधी कधी कायमची वाकडी राहते, तरी ती जगते. दाणा दिसतो, पण चोच भलतीकडे पडते, आणि समोर दाणे असून ती उपाशी मरते. म्हणून पसरट ताटली नको, खोलगट वाडगा द्या. त्यात मऊ भात किंवा ताकात कुस्करलेली भाकरी. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. पाणी थेंबाथेंबानं चोचीच्या कडेला, घशात ओतू नका. मात्र बरी दिसली तरी तिच्या विष्ठेतून रोग काही दिवस बाहेर पडत असतो, तिला वेगळीच ठेवा.

खुराड्यातला भुसा जाळा, धुण्याच्या सोड्यानं खुराडं घासा, चुना मारा, ऊन लागू द्या. नवी पिल्लं महिनाभर तरी नकोत. आणाल तेव्हा पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही याच रोगाची दुसरी लस टोचून. एका कुपीत शंभराच्या वर मात्रा असतात, कालवल्यावर दोन तासांत संपवाव्या लागतात, आणि बर्फ सुटला की लस वाया. एकटीला परवडत नाही म्हणून बायका लस सोडून देतात, आणि मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. आळीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एकच पहाट ठरवा.

मुलाला तलंगेपासून तोडू नका. तिच्या मानेखाली तळहात ठेवून वाडगा कसा धरायचा ते त्याला दाखवा. नंतर साबणानं हात धुवायचे, आणि धुवेपर्यंत डोळे चोळायचे नाहीत. या विषाणूनं माणसाचे डोळे येतात.