दुकानाच्या पाटीपासून गच्चीवरच्या होर्डिंगपर्यंत : वाचकांचे प्रश्न

फलकांचे लोखंडी सांगाडे तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे परवानगीचे प्रश्नही माझ्याकडेच येतात. त्यातले पाच इथे घेतो. उत्तरं मुंबई सोडून इतर महानगरपालिकांच्या हद्दीपुरती आहेत. नगरपालिकेच्या गावात राहत असाल, तर अर्ज करण्याआधी मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न : माझं कोथरूडला मिठाईचं दुकान आहे. जुनी रंगवलेली पाटी काढून एलईडीचा बोर्ड लावला, तर पालिकेची नोटीस आली. शेजाऱ्याच्या पाटीला मात्र कुणी काही म्हणत नाही. असं का?

फरक दिव्याचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २४५ प्रमाणे जाहिरातीला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. ज्या इमारतीत धंदा चालतो, तिथेच त्या धंद्याची पाटी लावली असेल तर सूट आहे. पण ती प्रकाशित नसली पाहिजे आणि आकाशचिन्हही नसली पाहिजे. शेजाऱ्याची पाटी या सुटीत बसते. तुमचा बोर्ड रात्री उजळतो, म्हणून बसत नाही.

आकाशचिन्ह हा शब्द अनेकांना पालिकेत गेल्यावरच कळतो. खांबावर किंवा सांगाड्यावर उभारलेला, रस्त्यावरून पाहिलं की ज्याच्यामागे आभाळ दिसतं असा फलक म्हणजे आकाशचिन्ह. पुण्यात त्याच नावाचा विभाग आहे, तुमचा अर्ज तिथेच जाईल. बोर्ड उतरवायची घाई करू नका. मापं, फोटो, दुकानाची कागदपत्रं घेऊन जा आणि परवाना करून घ्या. शीतपेयाची कंपनी फुकट बोर्ड देते, त्यात दुकानाचं नाव एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी बाटली, अशा बोर्डावर वाद हमखास होतो. तो टाळावा.

प्रश्न : जाहिरात कर रद्द झाला असं ऐकलं होतं. मग पालिका पैसे कशाचे मागते?

कर खरंच गेला. राज्यांना जाहिरातींवर कर लावू देणारी राज्यघटनेतल्या राज्यसूचीतली ५५ वी नोंद जीएसटीसाठीच्या २०१६ च्या घटनादुरुस्तीत काढली गेली, आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर हा कर संपला. तुमच्याकडून मागतात ते परवाना शुल्क. त्याच्या दरांवरून कोर्टात भांडणं झाली आहेत, पण परवानगी घेण्याची गरज त्यामुळे टळत नाही.

प्रश्न : आमची सोसायटी तीस वर्षांची जुनी आहे. एक एजन्सी गच्चीवर होर्डिंग लावायचं म्हणते. भाड्यातून लिफ्टचा खर्च निघेल. सगळी जबाबदारी आमची, असं ते तोंडी सांगतात. होकार द्यावा का?

मला विचाराल तर, नको. कारण सविस्तर सांगतो, कारण हे प्रकरण जिवावरचं आहे.

होर्डिंगचं वजन हा मुद्दा दुय्यम. खरा प्रश्न वाऱ्याचा. पुण्यासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. या वेगाला ४० बाय २० फुटांच्या फलकावर ढोबळमानाने सात टनांचा जोर येतो, तोही आडवा. तो सगळा जोर खालच्या तळपट्ट्या आणि बोल्टांमधून तुमच्या स्लॅबवर उतरतो. तीस वर्षांपूर्वी स्लॅब टाकणाऱ्याने याचा हिशेब केलेला नसतो.

एका इमारतीवर तपासणीला गेलो होतो. बोल्ट चंदेरी रंगाने चकाचक रंगवलेले. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर रंगाबरोबर गंजाचे पापुद्रे हातात आले आणि बोल्टची जाडी निम्मीच उरलेली. तळपट्टीखाली पाणी साचत होतं. खालच्या फ्लॅटमधल्या बाई दोन पावसाळे गळतीची तक्रार करत होत्या. कुणी त्याचा होर्डिंगशी संबंधच लावला नव्हता.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ माणसं गेली. मुंबईत ४० बाय ४० फुटांपर्यंत मुभा होती, ते साधारण १२० बाय १२० फुटांचं होतं. क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे वाऱ्याचा जोरही नऊपट. पुण्यात ऑक्टोबर २०१८ मध्ये जुन्या बाजाराजवळ सांगाडा उतरवतानाच पडला, चौघे गेले. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्यात होर्डिंग कोसळून पाच जण गेले. वळवाच्या पावसात माणसं आडोशाला नेमकी अशाच ठिकाणी थांबतात, हे मनातून जात नाही.

आता 'जबाबदारी आमची' याबद्दल. कलम २४४ नुसार बेकायदा आकाशचिन्ह ज्या इमारतीवर असेल, तिच्या मालकानेच ते उभारलं असं धरलं जातं. आपला त्यात हात नव्हता हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. तुम्ही तर ठराव करून भाडं घेणार. परवानगीसुद्धा एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि मंजुरीशिवाय फलकात बदल केला की ती रद्दबातल होते.

तरीही सभासदांचा आग्रहच असेल, तर सर्वसाधारण सभेचा ठराव, सोसायटीने स्वतः नेमलेल्या अभियंत्याकडून इमारतीची तपासणी, पालिकेची लेखी परवानगी आणि त्रयस्थांच्या नुकसानीचा विमा एवढं हातात आल्याशिवाय गच्चीची किल्ली देऊ नका. एजन्सीने आणलेल्या प्रमाणपत्रावर भागवू नका.

प्रश्न : सलूनचं नाव इंग्रजीत आहे. मराठी पाटीसाठी नाव बदलावं लागेल का?

नाही. तेच नाव देवनागरीत लिहा. मात्र मराठी अक्षरं सुरुवातीला हवीत आणि दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेली दोन महिन्यांची मुदत कधीच संपली आहे, तेव्हा नवा बोर्ड करतानाच हे उरकून टाका.

प्रश्न : आमच्या मंडळाची पोरं दादांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावतात, दोरी झाडांना बांधतात, खिळे ठोकतात. मी मंडळाचा खजिनदार आहे. दोन दिवसांसाठी कोण विचारतं, असं पोरं म्हणतात. खरंच गुन्हा होतो का?

होतो. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा दिवस मोजत नाही. तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ ला बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश दिले आहेत. खिळ्यांचं प्रकरण वेगळं : १९७५ च्या झाडांच्या कायद्यात 'झाड तोडणे' या व्याख्येत झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं.

पोरांवर गुन्हा नोंदवला गेला की नोकरीच्या वेळी पोलिस पडताळणीत तो पुढे येतो, आणि तेव्हा दादा बरोबर नसतात. हे त्यांना समोर बसवून सांगा. फ्लेक्स लावायचाच असेल तर क्षेत्रीय कार्यालयातून लेखी परवानगी घ्या, तिचा क्रमांक आणि मुदत फ्लेक्सवरच छापा, वळणावर लावू नका. मुदत संपेल त्या रात्री तो उतरवायची जबाबदारी एकाच्या नावावर टाका, आणि उतरवल्याचा फोटो तुमच्याकडे मागून घ्या.