कास पठारावर जलरंगात काम करताना

सप्टेंबरात कासला रंगवायला जाणार असाल तर आखलेल्या वाटेवरच बसा. कातळावरची माती फार पातळ असते आणि सीतेची आसवं, दवबिंदू यांसारखी चिमुकली झाडं तिच्यातच तगतात. स्टूलचा एक पाय रुतला तरी ती उपटली जातात.

कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घ्या. हलका कागद धुक्यात फुगतो. दमट हवेत वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) सावकाश वाळतो. ओली तकाकी जाण्याआधी तेरड्याचा जांभळा लावलात तर तो हिरव्यात पसरून मळकट होतो.

ब्रश धुतलेलं पाणी डबक्यात मुळीच ओतू नका! कॅडमियम पिवळ्यात, कोबाल्ट निळ्यात जड धातू असतात. सोनकीच्या पिवळ्या फुलांसाठी हंसा यलो हा जड धातू नसलेला पिवळा पुरतो. पाणी झाकणाच्या बाटलीत भरून घरी आणा, गाळ बसू द्या, तो फडक्याने टिपून घातक कचऱ्यात द्या.