तेल-वायूच्या विहिरी खोदताना पर्यावरणाची हानी कमी करणारं तंत्रज्ञान कसं निवडावं? (नागपूर, इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट)

आधी जागा बघ, मग यंत्र. आसामात बाघजानला मे 2020 मध्ये विहिरीतून वायू उसळला, जूनमध्ये आग लागली आणि शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीची वाताहत झाली. म्हणून ब्लोआउट प्रिव्हेंटर (विहिरीच्या तोंडाशी अशी उसळी रोखणाऱ्या झडपा) आणि केसिंगमागचं, म्हणजे विहिरीतल्या पोलादी नळीमागचं, सिमेंट यात काटकसर नकोच.

माझ्या मते प्रोजेक्टचा मोठा भाग ड्रिलिंग मडला, म्हणजे खोदताना विहिरीत फिरवतात त्या लगद्याला, दे. आपल्याकडे गल्लीत बोअर मारताना राखाडी लगदा सरळ नालीत जातो, ते पाहिलंच असशील. तेलविहिरीच्या लगद्यात रसायनंही असतात. उघडा खड्डा पावसात भरून वाहतो, त्यापेक्षा क्लोज्ड लूप निवड: शेल शेकरच्या (हलत्या चाळणीच्या) जाळीवर दगडाचा चुरा वेगळा होतो, सेंट्रिफ्यूज बारीक गाळ काढतं, मड टाकीतून परत विहिरीत. पाणीही वाचतं. पाण्यानं फुगणाऱ्या शेल खडकात ऑइल-बेस्ड मड चांगला चालतो, पण तेलकट चुऱ्याची विल्हेवाट जड जाते. जमेल तिथं वॉटर-बेस्डच घे.

एकाच पॅडवरून (खोदकामासाठी तयार केलेल्या जागेवरून) तिरक्या विहिरी खोदल्या की जमीन कमी लागते. चाचणीत निघणारा वायू हवेत सोडू नये, जमल्यास जाळूही नये, पकडावा. मिथेन 20 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींच्या आसपास तापवतो.

नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे, तिथल्या सांडपाणी आणि घातक कचऱ्यावर काम करणाऱ्यांना नक्की भेट.